वास येतोय का?

चष्म्याच्या दुकानाचे दोन भाग होते. पुढे काउंटर, काचेची कपाटं, त्यांत ओळीनं मांडलेल्या फ्रेमा आणि जिकडे बघावं तिकडे आरसे. मागे पडद्याआड एक अरुंद, अंधारी खोली. त्या खोलीत एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा उजळलेला तक्ता आणि स्टुलावर बसलेले नंबरकाका. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढतात म्हणून नंबरकाका, आणि त्यांची बायको ओघानंच काकू.

नंबर काढायचं काम लांबून होत नाही. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवायची, तिच्या खाचेत एकेक भिंग सरकवायचं, मधेच बॅटरी धरून डोळ्यात डोकवायचं. दोन चेहऱ्यांमध्ये वीतभर अंतर, तेही कधीकधी नाही. काकांना त्याचं काही वाटत नसे. उलट अंधारात त्यांची जीभ जरा जास्तच सैल सुटायची.

"आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?"

"मला तर काहीच दिसत नाही हो."

"आजोबा, आधी डोळे तर उघडा."

बाहेर काउंटरवर फ्रेमा दाखवणारा धाकटा भाऊ हे ऐकून हसायचा. रोजचं होतं, तरी हसायचा.

काका पन्नाशीला टेकले होते तेव्हाची गोष्ट. लेकीचं लग्न होऊन ती शेजारच्या शहरात सुखात होती. घर दुकानाच्या वरच होतं. डोक्यावरचे केस गेले होते, दात चहानं थोडे पिवळे पडले होते, पण सगळे जागच्या जागी होते. तक्रार म्हणावी अशी काही नव्हतीच.

एका दुपारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. सुईत दोरा ओवता येईना, म्हणाल्या. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, फ्रेम चढवली, एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. तिसरं घालायला ते पुढे वाकले आणि बोलले, "आता खालची ओळ वाचा बघू." बाईंनी झटकन मान वळवली. रुमाल नाकाला लावला. "एक मिनिट हं," म्हणून फ्रेम काढून त्यांच्या हातात दिली आणि तशाच बाहेर गेल्या. थोड्या वेळानं पडद्यातून डोकं घालून म्हणाल्या, "पुन्हा येईन कधीतरी." आल्या नाहीत.

काकांनी भिंगं जागच्या जागी ठेवली. मग बाहेर आले आणि काउंटरवरच्या आरशात, गिऱ्हाइकं फ्रेम बघतात त्या आरशात, त्यांनी ओठ मागे ओढून स्वतःचे दात पाहिले. आरसे चहूबाजूंनी होते. ज्यात बघावं त्यात दात होते.

संध्याकाळी वर गेल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, "अगं, माझ्या तोंडाला वास येतोय का?"

काकूंनी जवळ जाऊन हुंगलं. "येतोय ना."

"कसला?"

"चहाचा. मला सोडून प्यायलात वाटतं खाली?"

काकू हसल्या. काका हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून तोंड खळखळवायची एक हिरवी बाटली आली. तोंडात घेतली की आग व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं. जेवढी आग जास्त तेवढी सफाई जास्त, असा काकांचा हिशेब. बाटली अंधाऱ्या खोलीतल्या खणात राहू लागली. गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी काका मागच्या मोरीत जाऊन चूळ भरून यायचे. कांदा-लसूण सुटला. मग चहा सुटला. खिशात लवंगा आल्या, बडीशेप आली.

पण संशय एकदा मनात शिरला की त्याला खायला घालावं लागत नाही, तो आपलं आपण मिळवतो. काकांच्या लक्षात आलं की नंबर काढून झाल्यावर लोक नाक चोळतात. एकूणएक सगळे. आता ती फ्रेम जड, तिनं नाकावर वळ उठतो, माणूस नाक चोळणारच. इतकी वर्षं लोक नाक चोळत होतेच. पण काकांना ते आत्ता दिसलं. कुणी खोकलं, कुणी खिडकी उघडली, कुणी बोलताना अर्धं पाऊल मागे सरकलं, सगळ्याचा अर्थ एकच लागत गेला. धाकटा भाऊ पडद्याबाहेर उभा राहून काही विचारायचा, तर हा आत का येत नाही?

"दादा, आत जागा कुठे आहे?" तो म्हणायचा.

"हो, हो, बरोबर आहे," काका म्हणायचे, आणि तोंडावर हात धरायचे.

काकूंनीच त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे दोन गल्ल्या पलीकडची एक तरुण मुलगी. तिचा शाळेतला पहिला चष्मा काकांनीच करून दिला होता. तिनं दात साफ केले, हिरड्या तपासल्या, जीभ बाहेर काढायला लावली आणि मुद्दाम जवळ येऊन वासही घेतला.

"काका, काहीसुद्धा वास नाही. दात चांगले आहेत. एका बाजूची हिरडी जराशी सुजली आहे, तेवढीच. रोज जीभ घासा, पाणी भरपूर प्या. आणि ते जळजळणारं हिरवं पाणी बंद करा. त्यानं तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडाला वास येतो."

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. जिना चढता चढता काकूंना म्हणाले, "ऐकलंस ना? डॉक्टरसुद्धा म्हणाली, वास येतो."

"अहो, ती तसं नाही म्हणाली!"

"शेवटचं वाक्य काय होतं?"

सुजलेल्या हिरडीसाठी डॉक्टरनं एक औषधी पाणी लिहून दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ चूळ भरायची, पण दोन आठवड्यांच्या वर नाही, नाहीतर दातांवर डाग पडतात, असं तिनं बजावून सांगितलं होतं. हिरडी चार दिवसांत बसली. काकांनी ते पाणी सोडलं नाही. बाटली संपली की नवी, ती संपली की आणखी. कुठल्या दुकानात चिठ्ठी न मागता देतात हे त्यांनी शोधून ठेवलं होतं. महिने गेले. जेवणाची चव गेली. भाजीत मीठ नाही म्हणून ते ताट सरकवायचे, काकू मीठ घालायच्या, मग काकूंनाच तो घास खारटपणानं गिळवेना. आणि दातांच्या कडेकडेनं, हिरडीला लागून, तपकिरी रेघा उमटल्या. जीभही काळपटली.

पूर्वी नुसती शंका होती. आता आरशात पुरावा दिसू लागला.

दात आतून सडत चाललेत आणि त्याचाच हा रंग, असं काकांनी ठरवून टाकलं. ओळखीच्या डॉक्टरकडे जायची लाज वाटली. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे एका दवाखान्याच्या काचेवर हसऱ्या माणसांची मोठमोठी चित्रं होती. तिथे त्यांचे डाग घासून काढले, मग दातांना कसलासा लेप लावून वर निळा दिवा धरला. घरी लावायला ट्यूब आणि दातांवर बसवायचे पातळ साचे दिले. बाहेर पडले तेव्हा दात असे पांढरेशुभ्र होते की काकांच्या तोंडात दुसऱ्याचेच बसवल्यासारखे वाटावेत.

पहिले काही दिवस बरे गेले. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "काय काका, जाहिरातीत काम मिळालं की काय?" काका खुशीत हसले आणि हसता हसता त्यांना दिसलं की तो माणूस नाक चोळतोय.

त्या दिवसापासून ते साचे सांगितल्यापेक्षा जास्त वेळ, सांगितल्यापेक्षा जास्त वेळा लावू लागले. दात शिवशिवायला लागले. गार पाणी लागलं की मस्तकात कळ जायची. नुसती हवा आत घेतली तरी कळ. म्हणून काका तोंड मिटून राहू लागले. इतके पांढरे दात आणि ते कुणाला दिसायचेच नाहीत.

शेवटी दातांच्या डॉक्टर मुलीकडे जावंच लागलं. ती चिडलीच. "काका, पांढरे दात म्हणजे निरोगी दात नव्हे. तुमचे ते पिवळसर दात उत्तम होते हो. काय करून बसलात हे!" काकांनी मान खाली घातली. तिनं दात शांत करणारी पेस्ट दिली, सगळ्या बाटल्या फेकायला सांगितल्या. काकूंनी घरातल्या फेकल्या. दुकानातल्या राहिल्या.

काम बिघडायला लागलं ते इथून. काका आता मान वळवून भिंग घालत, श्वास धरून बॅटरी मारत, प्रश्न कमी विचारत. "आता स्पष्ट की मघाशी?" हे वाक्य एकदा बोलून पुरत नाही, पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. ते एकदाच विचारत आणि मिळेल ते उत्तर घेऊन मोकळे होत. लोक चष्मे परत आणू लागले. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाला जिन्याची पायरी वर आल्यासारखी दिसायची. भावानं पुष्कळ सांभाळून घेतलं. मग एक दिवस तो म्हणाला, "दादा, नंबर काढायचं यंत्र घेऊ या का? हनुवटी टेकवली की आकडा आपोआप येतो."

त्याला वाटलं होतं, दादा भांडेल. दादा म्हणाला, "घे, घे. मी मागे काचा घासतो."

मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली काचा घासायचं चाक होतं. त्याची घरघर, वर ठिबकणारं पाणी. तिथे जवळ कुणी येत नाही आणि बोलायची गरज पडत नाही. काका तिथे जे बसले ते बसलेच.

त्याच वर्षी लेकीला मुलगी झाली. लेक बाळाला घेऊन माहेरी आली. काकांनी बाळासाठी मऊ दुपटं आणलं, पाळणा स्वतः पुसून ठेवला. पण लेकीनं बाळ हातात दिलं तेव्हा त्यांनी हात लांब केले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"बाबा, तिच्याकडे बघा ना."

काकांनी उंहूं अशी मान हलवली. त्यांनी श्वास धरला होता. चेहरा लाल होत गेला, कपाळाची शीर वर आली, आणि त्यांनी घाईघाईनं बाळ परत दिलं आणि खिडकीशी जाऊन मोठा श्वास घेतला.

"इतक्याशा जिवाला कशाला त्रास," ते म्हणाले.

लेक आधी रागावली, मग रडली. "आई, यांना काय झालंय?" माहेरपण आटोपतं घेऊन लेक गेली. पुढे फोनवर ती बाबांना बोलवायची तेव्हा काका फोनसुद्धा तोंडापासून लांब धरून बोलायचे.

काकूंनी मग एक गोष्ट केली. एवढ्या मोठ्या वस्तीत त्यांनी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा शोध लावला. शिंप्यांच्या दुकानांतून विचारत, पत्ते हुकत, शेवटी एका चाळीच्या तळमजल्यावर त्या सापडल्या. मशीनशी बसल्या होत्या, बाजूला एक लहानगी चिंध्यांशी खेळत होती. काकूंनी भीत भीत विचारलं. बाईंना आधी आठवेना. मग आठवलं तशा त्या खळखळून हसल्या.

"अगबाई! अहो, मला तेव्हा हिच्या वेळेचे दिवस गेले होते. घरात अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. कशाचाही वास सहन होईना. ती बंद खोली, त्या फ्रेमेचा रबरी वास... मी बाहेर जाऊन गटारापाशी ओकले की! मग लाज वाटली, म्हणून पळाले. काकांचा कसला वास येतोय?"

काकूंना वाटलं, एवढ्याशा गोष्टीपायी! त्यांनी बाईंचे हात धरले. "एवढं त्यांना येऊन सांगाल का?"

बाई भल्या होत्या. मुलीला घेऊन दुसऱ्याच दिवशी दुकानात आल्या. काकांनी चाक थांबवलं, त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः दाराच्या चौकटीत उभे राहिले. बाईंनी सगळं सांगितलं, अगदी ओकल्याचंसुद्धा. काकांनी मन लावून ऐकलं. हात जोडले. "फार उपकार झाले," म्हणाले. लहानगीला लांबूनच टाटा केला.

त्या गेल्यावर काकूंनी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. "झालं ना आता समाधान?"

"चांगल्या घरची बाई आहे," काका म्हणाले. "तू पाया पडली असशील. तुझ्या शब्दाखातर पोरीला घेऊन एवढ्या लांब आली, खोटं बोलायला."

काकूंनी ती रिकामी खुर्ची उचलून आत ठेवली.

मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं भावानं सुचवलं. "मी वेडा आहे का?" म्हणून काकांनी बरेच दिवस टाळलं. शेवटी काकूंच्या शब्दाखातर गेले. डॉक्टर शांत होते. त्यांनी सांगितलं की असा आजार असतो, वेड नव्हे, गोळ्यांनी फरक पडतो पण काही आठवडे धीर धरावा लागतो. गोळ्या सुरू झाल्या. त्यांमुळे झोप चांगली येऊ लागली आणि तोंडाला कोरड पडू लागली. कोरड्या तोंडाला काय होतं हे काकांना पाठ होतं. त्यांनी गोळ्या मोरीत ओतून दिल्या.

"दुसऱ्या देतील, आपण पुन्हा जाऊ," काकू म्हणाल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि रोजचा तो प्रश्न चालूच होता. सकाळी उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर, दुकानात उतरताना. काका हाताची ओंजळ तोंडाशी धरून फुंकर मारायचे आणि विचारायचे, "वास येतोय का?" काकू म्हणायच्या, "नाही." ते म्हणायचे, "नीट बघ." काकू पुन्हा हुंगायच्या. "नाही हो, खरंच नाही." त्यांना पटायचं नाही. तरी ते विचारायचे. वर्षानुवर्षं.

त्या दिवशी काकूंच्या अंगात कणकण होती. दोन दिवस धड जेवण नव्हतं. संध्याकाळी त्या ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरत होत्या. काका मागे आले, ओंजळ धरली.

"वास येतोय का?"

"हो," काकू म्हणाल्या. "येतो."

सुरी हातात तशीच राहिली. आता काय होणार, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. काका भिंतीला धरून हळूच खाली बसले. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून काकू चक्रावल्या. तो चेहरा मोकळा झाला होता. किती वर्षांनी कपाळावरची आठी गेली होती.

"खरंच?"

काकूंनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हो."

"कधीपासून?"

एक खोटं बोललं की पुढची ओळीनं तयारच असतात. "पहिल्यापासून," त्या म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

काका उठले. तोंडावर एक हात ठेवून दुसरा त्यांनी काकूंच्या खांद्यावर ठेवला. असा हात त्यांनी कित्येक दिवसांत ठेवला नव्हता. "किती सोसलंस गं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी ते पोटभर जेवले. भाजी छान झाली म्हणाले. काकूंना अगदी जुने दिवस आल्यासारखे वाटले, आणि तेवढा वेळ, फक्त तेवढाच वेळ, आपण हे आधीच का बोललो नाही असंही वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. स्वतःचं ताट, पेला वेगळा काढला. "तुला आता आणखी त्रास नको," म्हणाले.

काकू हादरल्या. "अहो, मी चिडून बोलले हो! तापात होते. काही वास नाही, शपथ घेऊन सांगते."

काका ओठ मिटून हसले. "आता नको लपवूस."

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कधीच विचारला नाही. उत्तर मिळालं होतं. भावाला त्यांनी सांगितलं, लेकीला फोनवर सांगितलं, की घरच्या माणसानंच कबूल केलं, आता तुम्ही मला समजवायच्या भानगडीत पडू नका. भाऊ तडक वर आला.

"वहिनी, काय हे करून ठेवलंत?"

"भावजी," काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं खरं बोलले, एकदाही विश्वास ठेवला नाही त्यांनी. एकदाच खोटं बोलले."

भाऊ खाली निघून गेला.

दिवस असेच जात राहिले. काकांनी घासलेल्या काचा नामी असत, फ्रेमेत अशा बसत की नख शिरू नये. लोक भावाकडे कौतुक करून जात. नात मोठी होऊन शाळेत जाऊ लागली. तिला आजोबा माहीत होते ते दाराआडून हात हलवणारे. काकू घरात एकट्या जेवत आणि एकट्या बोलत. लेक म्हणायची, "आई, इकडे ये राहायला." काकू म्हणायच्या, "यांच्याकडे कोण बघेल?" बघायचं म्हणजे तरी काय, तर ताट उंबऱ्यापाशी ठेवायचं.

मग काकूंची दाढ दुखायला लागली. त्यांनी पुष्कळ दिवस दुर्लक्ष केलं. गाल सुजला तेव्हा डॉक्टर मुलीकडे गेल्या. तिनं तोंडात बघितलं आणि दिवा आणखी जवळ ओढला.

"काकू, हिरड्या पार गेल्यात. रक्त येत नव्हतं का?"

"येत होतं."

"किती दिवस? आणि घरात कुणाच्या लक्षात नाही आलं? वास तरी..." ती बोलता बोलता थांबली.

वर्षानुवर्षं ज्या घरात दुसरा विषय नव्हता, त्या घरात काकूंच्या तोंडात कुणी डोकावलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही. दोन दाढा काढाव्या लागल्या. बाकीच्याही फार दिवस टिकणार नाहीत, असं डॉक्टरनं सांगितलं. उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हळूहळू चुळा भरा, म्हणाली.

काकू गालात कापसाचा बोळा धरून घरी आल्या. बोलता येत नव्हतं. काकांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "काय झालं?" काकूंनी गालावर बोट ठेवलं, दोन बोटं दाखवली. काका चटकन उठले, उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्यांचा हात आपोआप तोंडाकडे गेला.

"फार दुखतंय का?"

काकूंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उठल्या तेव्हा दोन खोल्यांच्या मधे ठेवलेल्या स्टुलावर कोमट मिठाच्या पाण्याचा पेला झाकून ठेवलेला होता. काका लांब खिडकीशी उभे होते. काकूंनी चूळ भरली, मोरीत टाकली, पुन्हा भरली. काका बघत राहिले. पुढचे काही दिवस रोज सकाळी पेला तिथे असायचा. जखम भरली तसा तो यायचा बंद झाला.